डब्यातील फुलकोबी

आमच्या शाळेच्या गच्चीवर गेले दोन हिवाळे ओळीने मांडून ठेवलेले तेलाचे रिकामे डबे पुष्कळ पालकांनी पाहिले असतील. स्नेहसंमेलनाच्या दिवशी “हे काय चालविले आहे?” असा प्रश्न आम्हांस निदान दहा जणांनी तरी केला. त्या दिवसाच्या गडबडीत कोणासही नीट उत्तर देता आले नाही. ते येथे द्यावे असे योजिले आहे. विषय साधा आहे. ज्याच्या घरास बाग नाही, परसू नाही, केवळ गच्चीचा अथवा ओसरीचा एक उन्हाचा कोपरा आहे, त्याने डब्यात अगर कुंडीत फुलकोबी कशी वाढवावी, एवढाच. परंतु या साध्या विषयात पहिल्या वर्षी आम्ही सपशेल नापास झालो, आणि त्या अपयशाचे खापर एका विद्यार्थ्याच्या माथी फोडून मोकळे झालो. तीही हकीकत सांगणे भाग आहे. कारण ती सांगितल्यावाचून या भाजीचा स्वभाव नीट ध्यानात यावयाचा नाही.

जिला बाजारात सर्रास ‘फ्लॉवर’ म्हणतात ती फुलकोबी आपल्या देशात तशी अलीकडची पाहुणी आहे. कोबी, नवलकोल, ब्रोकोली आणि फुलकोबी या दिसावयास इतक्या भिन्न असल्या तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या लेकी होत. युरोपच्या समुद्रकाठच्या एका रानटी झाडापासून माणसाने शेकडो वर्षे निवड करीत त्या घडविल्या. कोणी पाने मिटलेली झाडे राखली, त्यांचा कोबी झाला; कोणी खोड फुगलेली राखली, त्यांचा नवलकोल झाला; कोणी शेंड्याचा तुरा दाटलेली राखली, त्यांची फुलकोबी झाली. हिंदुस्थानात फुलकोबीचे बी इंग्लंडहून १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत प्रथम आले. ते थंड देशाचे बी. आपल्या उन्हाळी हवेत पुष्कळशी झाडे नुसतीच पानांनी माजली. परंतु ज्या थोड्या झाडांनी उष्ण हवेतही गड्डा धरला आणि बी दिले, त्यांचेच बी उत्तरेकडील माळ्यांनी राखून पुन्हा पेरले. असे करता करता सुमारे शंभर वर्षांत फुलकोबीचा एक निराळाच देशी वंश तयार झाला. हे काम कोणत्याही प्रयोगशाळेत झालेले नाही. ज्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत अशा बागवानांनी ते केले आहे.

त्या बागवानांनी आपल्या वाणांना जी नावे दिली तीही मोठी मार्मिक आहेत : कुंवारी, कातकी, अगहनी, पूसी, माघी. ही आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष आणि माघ या महिन्यांवरून पडलेली आहेत. ज्या महिन्यात गड्डा तयार होतो तो महिना त्या वाणाच्या नावातच बांधलेला आहे. हे का, ते पुढे येईल. दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेने पुढे जे सुधारलेले वाण काढले त्यांच्या नावामागे ‘पुसा’ हा शब्द असतो : पुसा कातकी, पुसा दीपाली, पुसा मेघना इत्यादी. कित्येक विद्यार्थी या ‘पुसा’चा पौष महिन्याशी संबंध जोडतात, तो चुकीचा आहे. ही संस्था पूर्वी बिहारात पुसा या गावी होती. १९३४ सालच्या भूकंपात तिची इमारत मोडली, आणि १९३६ साली ती दिल्लीस गेली. जाताना गावाचे नाव मात्र बरोबर घेऊन गेली.

आता आपण जे खातो ते नेमके काय, हे पाहू. नावात ‘फूल’ असले तरी ते फूल नव्हे. सामान्य झाडाच्या शेंड्याशी एक अतिसूक्ष्म वाढबिंदू असतो. तो प्रथम पाने काढतो. योग्य काळ आला म्हणजे त्याच्या कडेने कळ्या निघू लागतात, आणि प्रत्येक कळीचे फूल होऊन तेथील वाढ संपते. फुलकोबीत मात्र विपरीत घडते. कळी फूल होण्यास निघते, परंतु तो तिचा निश्चय टिकत नाही. अर्ध्या वाटेवरून ती माघारी फिरते आणि पुन्हा कोंबासारखी वाढू लागते. तथापि फूल होण्याचा जो स्पर्श तिला एकदा झाला तो ती विसरत नाही. म्हणून तिला पाने फुटत नाहीत, कडेने पुन्हा कळ्याच फुटतात. त्याही माघारी फिरतात, त्यांनाही कळ्या फुटतात. याप्रमाणे कोंबावर कोंब, त्यावर कोंब असा जो दाट पांढरा संभार साचतो तोच गड्डा. हा उलगडा फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०२१ साली प्रसिद्ध केला; तोवर गड्ड्याची ही रचना सर्वांस दिसत होती, पण तिचे कारण नीट सांगता येत नव्हते.

घरी आणलेल्या गड्ड्याचा एक तुरा मोडून हाती घ्यावा. तो मूळ गड्ड्याचीच लहान प्रतिकृती दिसेल. त्याचाही तुकडा मोडावा, तोही तसाच. गणिताच्या आवडीच्या विद्यार्थ्यांनी गड्डा उलटा धरून देठाकडून तुऱ्यांच्या वळत गेलेल्या रांगा मोजाव्यात. एका बाजूस वळणाऱ्या रांगा आणि दुसऱ्या बाजूस वळणाऱ्या रांगा यांचे आकडे बहुधा ५ आणि ८, अथवा ८ आणि १३ असे येतील. आमच्या नववीच्या वर्गाने रंगीत टाचण्या खोचून हे मोजले तेव्हा तास संपल्याची घंटा कोणाच्याही कानी गेली नाही, ही गोष्ट आमच्या नोकरीत क्वचितच घडली आहे.

असो. पहिल्या वर्षाच्या हकीकतीकडे वळू.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून पंधरा किलो तेलाचे रिकामे डबे दरमहा बाहेर पडतात. ते भंगारात न देता बारा डबे आम्ही मागून घेतले, आणि सप्टेंबरच्या मध्यास एका लाकडी खोक्यात फुलकोबीचे बी पेरले. महिन्याभरात रोपे वीतभर झाली. त्याच सुमारास सहामाही परीक्षा आली. परीक्षा, उत्तरपत्रिका आणि त्यापाठोपाठ दिवाळीची सुटी, या घाईत रोपे डब्यांत लावण्याचे काम आम्ही सुटीनंतरवर ढकलले. बागकामाच्या गटात आठवीतील एक मुलगा होता. त्याचे वडील शेजारच्या तालुक्यात भाजीपाला पिकवतात. तो सुटीपूर्वी आमच्याकडे येऊन म्हणाला, “सर, रोपं आत्ताच लावायला झालीत.” आम्ही उत्तरपत्रिकांवरून मान वर न करता म्हणालो, “दिवाळीनंतर पाहू.” रखवालदाराने सुटीत रोपांस नेमाने पाणी घातले. आम्ही परत आलो तो रोपे जिवंत होती, हिरवी होती; नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही ती समारंभाने डब्यांत लावली. तेव्हा ती आठ आठवड्यांची झाली होती.

पाणी घालण्याचे काम त्याच मुलाकडे सोपविले. डिसेंबरात दोन दिवस सायंकाळी आम्हांस डबे कोरडे आढळले. पुढे नाताळापूर्वी झाडांच्या मध्यभागी गड्डे दिसू लागले, पण ते सुपारीएवढे झाले, लिंबाएवढे झाले, आणि तेथेच थांबून फुटावयास लागले. बाराही डब्यांत हीच गत. आम्ही त्या मुलास सर्व गटादेखत निष्काळजी म्हणून बोल लाविला आणि पाण्याचे काम त्याच्याकडून काढून घेतले. तो काही बोलला नाही.

जानेवारीत स्नेहसंमेलनास त्याचे वडील आले होते. मुलाने त्यांस घरी काही सांगितले होते की नाही, ते आम्हांस ठाऊक नाही. ते आपण होऊन गच्चीवर आले, एका झाडाचे पान बाजूस सारून तो बटणासारखा गड्डा पाहिला, बुंध्याशी बोट लावून त्याची जाडी पाहिली, आणि म्हणाले, “पाण्याचं काय न्हाई, सर. रोपं म्हातारी झाल्यावर लावलीसा. बाळपणात उपाशी ऱ्हायलं की मागनं कितीबी खायला घाला, ते अंग धरत न्हाई.” एवढे बोलून ते मुलाचे नाटक पाहावयास खाली गेले. आम्ही पदवीधर, त्यांतही शास्त्राचे शिक्षक. आणि त्यांनी अर्ध्या मिनिटात जे पाहिले ते आम्हांस तीन महिन्यांत दिसले नव्हते.

त्या रात्री आम्ही पुस्तके काढून बसलो. या दोषास कृषिशास्त्रात ‘बटनिंग’ असा शब्द आहे, आणि त्याची कारणे त्या गृहस्थांच्या शब्दांशी तंतोतंत जुळतात. फुलकोबीचे झाड आयुष्यात प्रथम केवळ पाने काढते. पानांची ठराविक संख्या झाली आणि हवा पुरेशी थंड झाली म्हणजे शेंडा पाने काढणे थांबवून गड्ड्याकडे वळतो. एकदा तो वळला की नवी पाने निघणे बंद. तोपर्यंत जी पाने झाली असतील त्यांच्या कमाईवरच गड्ड्याने पोसले जावयाचे. पाने मोठी आणि पुष्कळ असतील तर गड्डा मोठा. पाने चार-सहा आणि खुरटी असतील तर गड्डा लिंबाएवढा. म्हणजे गड्ड्याचे आकारमान तो डोळ्यांना दिसण्यापूर्वीच बहुतेक ठरून गेलेले असते. आमची रोपे चार बोटे खोल मातीच्या खोक्यात महिनाभर दाटीवाटीने अडकून राहिली. मुळांस जागा नाही, मातीत अन्न नाही. पण वय आणि थंडी कोणासाठी थांबत नाहीत. डब्यात गेली तेव्हा ती पाने काढण्याऐवजी गड्डा धरण्याच्या बेतात होती. डिसेंबरातल्या त्या दोन कोरड्या दिवसांनी थोडेबहुत नुकसान केले असेल. परंतु निकाल लागला होता तो दिवाळीच्या सुटीत.

सोमवारी बागकामाच्या तासास आम्ही सर्व गटापुढे ही चूक आमची होती हे सांगितले, आणि पाण्याची झारी त्या मुलास परत दिली. त्याने विचारले, “मग पुढल्या वर्षी पुन्हा लावायची का, सर?” म्हणून दुसरे वर्ष.

यापुढे जे लिहितो ते दुसऱ्या वर्षाच्या अनुभवावरून आणि त्या गृहस्थांस विचारून विचारून.

फुलकोबीस एका झाडामागे पंधरा ते वीस लिटर माती हवी. रुंदी आणि खोली एक-एक फुटाहून कमी नसावी. तेलाचा डबा, रंगाची वीस लिटरची बादली, मोठी मातीची कुंडी, यांपैकी काहीही चालेल. एका भांड्यात एकच झाड, येथे लोभ करू नये. बुडास बोटाएवढी सहा-सात छिद्रे पाडून त्यांवर फुटक्या कौलांच्या खापऱ्या ठेवाव्यात, म्हणजे पाणी निघून जाते व माती राहते. पत्र्याचा डबा उन्हात तापतो आणि कडेची कोवळी मुळे भाजतात. म्हणून त्याभोवती गोणपाट गुंडाळावे, अथवा डबे एकमेकांस चिकटवून मांडावेत, म्हणजे मधल्यांस सावली होते. डब्याची कापलेली कड हातोडीने आत दुमडून घ्यावी. आमच्या दोन मुलांची बोटे कापली तेव्हा हे सुचले. आणखी एक गोष्ट पालकांस मुद्दाम सांगतो. ओल्या मातीने भरलेला असा एक डबा सुमारे वीस किलो भरतो. बारा डबे म्हणजे अडीचशे किलोंच्या घरात. ते गच्चीच्या मध्यभागी एके ठिकाणी न रचता कडेने, भिंतींच्या वर येतील असे मांडावेत. घर जुने असल्यास जाणकारास विचारावे.

नुसती काळी माती डब्यात घालू नये. ती पाण्याने चिखल होते आणि वाळल्यावर विटेसारखी होते. दोन भाग पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण आम्ही केले. प्रत्येक डब्यात मूठभर निंबोळी पेंडही घातली. ताजे शेण कदापि घालू नये. कोकणातील आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावे : तुमची तांबडी जांभ्याची माती आंबट असते, आणि आंबट मातीत मॉलिब्डेनम नावाचे एक द्रव्य मुळांस मिळेनासे होते. त्याच्या अभावी फुलकोबीच्या पानाची पाती झडून केवळ मधली शीर चाबकाच्या दोरीसारखी उरते. मातीत थोडी चुनखडीची पूड मिसळल्याने हे टळते.

आता वाणाचा प्रश्न, आणि ती महिन्यांची नावे. लवकर येणाऱ्या वाणांस गड्डा धरावयास २० ते २७ अंश सेल्सियस उष्णमान पुरते; मध्यम वाणांस १६ ते २०; उशिराच्यांस १२ ते १६; आणि स्नोबॉल म्हणून जे विलायती वंशाचे अगदी शुभ्र वाण आहेत त्यांस १० ते १६. यावरून दोन चुका संभवतात. उशिराचा वाण लवकर लावला तर थंडीची वाट पाहात तो पानांवर पाने काढीत बसतो आणि गड्डा दिसतच नाही. लवकरचा वाण उशिरा लावला तर रोप अंगाने लहान असतानाच त्यास हवी ती थंडी मिळते आणि ते घाईने बटण धरते. पहिल्या वर्षी आमच्याकडून ही दुसरी चूकही झाली होती. आमचे बी लवकरच्या वाणाचे होते. म्हणून बियांच्या दुकानात केवळ ‘फ्लॉवरचे बी द्या’ असे न म्हणता वाणाचे नाव आणि पेरणीचा महिना विचारून घ्यावा. पुडीवर तो छापलेला नसेल तर ती पुडी घेऊ नये, असे आमचे मत आहे. स्नोबॉलचे बी आपल्या सपाट प्रदेशात धरत नाही. झाडास बीज धरण्यापूर्वी कडक थंडी लागते, म्हणून ते हिमाचल प्रदेशात कुलू खोऱ्यासारख्या थंड ठिकाणी तयार करतात. तेथे कटराईन या गावी दिल्लीच्या संस्थेचे केंद्र आहे.

बी मोहरीसारखे बारीक असते. ते दाट पेरू नये. अर्धा इंच खोल, दोन-दोन बोटांच्या अंतराने टाकावे. पाच ते आठ दिवसांत उगवते. या अवस्थेत पाणी फार झाले तर रोपाचा गळा मातीजवळ सडतो आणि सकाळी उभे असलेले रोप दुपारी आडवे दिसते. झारीने सकाळी एकदा पाणी द्यावे, सायंकाळी माती वरून सुकलेली असावी. पंचवीस ते तीस दिवसांत चार-पाच खरी पाने येतात. हाच लावणीचा मुहूर्त होय; परीक्षा असो, सुटी असो, पाहुणे असोत. लावण्यापूर्वी प्रत्येक रोपाचा शेंडा शाबूत आहे की नाही ते पाहावे. शेंडा किडीने खाल्लेला अथवा मोडलेला असेल तर झाड आंधळे होते : पाने जाड, गर्द हिरवी, दिसावयास धष्टपुष्ट, पण गड्डा कधीच येत नाही. सायंकाळी लावावे, पहिल्या पानांपर्यंत मातीत बसवावे, आणि तीन-चार दिवस दुपारच्या उन्हापासून आडोसा करावा.

शेतातल्या झाडापेक्षा डब्यातले झाड अधिक पराधीन असते. शेतातले मूळ ओल शोधीत खाली जाते. डब्यातल्या मुळास पत्र्याशी थांबावे लागते. म्हणून पाणी रोजचे. बोट मातीत दोन पेरे घालून पाहावे. कोरडे लागले तर बुडातून निथळेपर्यंत घालावे. पूर्ण वाढलेल्या झाडास एक ते दीड लिटर रोज लागते. पाण्याबरोबर अन्नही वाहून जाते, तेव्हा तेही थोडे थोडे परत द्यावे लागते. आम्ही शेंगदाण्याची शंभर ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात चार दिवस भिजवून, गाळून, दसपट पाण्यात मिसळून, दर दहा दिवसांनी डब्यामागे अर्धा लिटर देत असू. वास विलक्षण येतो. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या खिडकीखाली हा प्रयोग करू नये. गड्डा दिसू लागण्यापूर्वी एकदा बोरॅक्स द्यावे, कारण टाकणखारातील बोरॉन कमी पडले तर खोड आतून पोकळ होते आणि गड्ड्यावर तांबूस डाग पडतात. प्रमाण अत्यल्प असावे : एक ग्रॅम बोरॅक्स एक लिटर पाण्यात, त्यातले पाव लिटर एका डब्यास, आणि तेही एकदाच. जास्त झाल्यास झाड जळते.

किडींविषयी थोडक्यात. पानांखाली चिकटून बसणारा मावा जोराच्या पाण्याने धुऊन जातो. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची बारीक हिरवी अळी पानांची चाळण करते. तिला बोटाने टोचले की ती तडफडत धाग्यावर लोंबते, यावरून ओळखावी. बारा डब्यांत हाताने वेचणे हाच उत्तम उपाय, आणि मुलांस तो आवडतो. शेजारी दोन डबे मोहरीचे ठेवावेत. पतंग आणि मावा दोन्ही मोहरीकडे अधिक ओढले जातात. याउपर गरज पडल्यास पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारावी. पानाच्या कडेपासून इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा डाग आत शिरू लागला व शिरा काळ्या दिसल्या तर तो घाण्या रोग होय; त्यास उपाय शोधीत न बसता झाड उपटून दूर न्यावे.

गड्डा लिंबाएवढा झाला (आणि या खेपेस तो तेथे थांबत नाही, ही फार आनंदाची घटका असते) की बाहेरची तीन-चार पाने वर घेऊन सुतळीने सैल बांधावीत. ऊन लागले तर गड्डा पिवळा पडतो व उग्र लागतो. रोज एकदा सुतळी सोडून आत अळी नाही ना ते पाहावे, आणि आत पाणी साचू देऊ नये. बांधल्यापासून आठ-दहा दिवसांत, गड्डा घट्ट आणि सपाट असतानाच कापावा. आणखी मोठा होईल या आशेने राहिल्यास तुरे सुटतात आणि पृष्ठभाग भातासारखा रवाळ होतो. पांढऱ्या गड्ड्याविषयी एवढा आग्रह कशाला, असेही कोणी विचारील. तर २०१५ साली दिल्लीच्या संस्थेने पुसा बीटा केसरी नावाचा नारिंगी गड्ड्याचा वाण काढला आहे. गाजरात जे कॅरोटीन असते ते त्यात आहे, आणि ते डोळ्यांस हितकर आहे. त्याचे बी मिळाल्यास यंदा दोन डबे त्याचे करू.

दुसऱ्या वर्षी आम्ही मुद्दाम एक ताडा केला. बारांपैकी नऊ डब्यांत सत्तावीस दिवसांची रोपे लावली, आणि तीन रोपे खोक्यातच ठेवून पन्नासाव्या दिवशी लावली. वाण तोच, माती तीच, पाणी तेच, आणि पाणी घालणारा हातही तोच. नऊंपैकी एकाचा शेंडा किडीने खाल्ला, एक घाण्या रोगाने गेले. उरलेल्या सातांपैकी कापलेले गड्डे तराजूवर तीनशे ते साडेचारशे ग्रॅम भरले. मागाहून लावलेल्या तिन्ही झाडांनी मिळून जे दिले ते एका मुठीत मावले. मुलांनी ती तीन बटणे आणि एक गड्डा शेजारी शेजारी ठेवून त्याचे चित्र काढले आहे. ते शास्त्राच्या खोलीत लाविलेले आहे.

एका पालकांनी हिशेब मांडून दाखविला की, सुमारे तीन महिन्यांच्या मेहनतीनंतर एका डब्यातून एकच गड्डा, आणि तोही बाजारातल्याच्या निम्मा. तेव्हा हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. हिशेब अगदी बरोबर आहे. पैसे वाचविण्यासाठी डब्यात काही लावावयाचे असेल तर मेथी, कोथिंबीर, पालक अथवा मिरची लावावी. फुलकोबी लावू नये. परंतु आमच्या गटातील मुलांनी ते गड्डे ज्या आदराने खाल्ले, आणि देठ व कोवळी पानेसुद्धा टाकू दिली नाहीत, तसे बाजारच्या भाजीच्या बाबतीत आम्ही पाहिलेले नाही. ज्यांच्या घरी हे करून पाहावयाचे असेल त्यांनी एका वेळी दोन डब्यांहून अधिक घेऊ नयेत, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात बी पेरण्यापूर्वी दिनदर्शिका काढून तिसाव्या दिवशी घरी कोण असणार ते पाहून ठेवावे.

सातांपैकी एक गड्डा त्या मुलाच्या विनंतीवरून आम्ही कापला नाही. पंधरा दिवसांत तो सुटला, लांबला, त्यातून हिरवे देठ वर आले, आणि जे थोडे कोंब अखेर फूल होऊ शकले त्यांना चार-चार पाकळ्यांची पिवळी फुले आली. चार पाकळ्या क्रूसाच्या आकारात मांडलेल्या असतात, म्हणून या कुळास पूर्वी लॅटिनमध्ये ‘क्रूस धारण करणारे’ अशा अर्थाचे नाव होते. मोहरी आणि मुळा यांचीही फुले अशीच असतात. त्यांवर मधमाश्या आल्या. फेब्रुवारीच्या उन्हाने शेंगा भरण्यापूर्वीच झाड वाळले, म्हणून बी मिळाले नाही. डब्यातील माती आम्ही फेकली नाही. उन्हात पसरून, नवे शेणखत मिसळून तीत टोमॅटो लावले आहेत. कोबी, मुळा, मोहरी अशा सगोत्रांपैकी काहीही त्या मातीत पुढील दोन वर्षे लावणार नाही, म्हणून यंदाच्या फुलकोबीसाठी निराळे डबे जमविणे चालू आहे. ज्यांच्या घरी तेलाचे रिकामे डबे असतील त्यांनी ते जुलै अखेरपर्यंत शाळेत पाठवावेत. कड दुमडलेली असल्यास बरे.